पान नऊ

पारसोडीच्या आयटी पार्कात, चौथ्या मजल्यावर,
आमच्या नियमावलीचं पान नऊ अजून कोरंच.
वर एवढंच: झूम.
खाली करसर लुकलुकतो
आणि काचेपलीकडे मे महिन्याचे सेहेचाळीस अंश.

अ‍ॅप्स तीन.
नकाशात अधिक-उणे उजवीकडे, खाली.
वीजबिलात डावीकडे, वर; शिवाय दोनदा टेकवलं तरी मोठं होतं.
समाजमंडळाच्या अ‍ॅपात बटणंच नाहीत,
कारण रजतला ती कुरूप वाटतात.
तिन्ही आम्हीच केलीत,
एकाच थर्मासातला चहा पिऊन.

म्हणून गोळीबार चौकाच्या मागे गेले,
तुळशीराम निमज्यांकडे. माग कधीचा विकलेला,
जमिनीत त्याचा खड्डा तेवढा आहे,
त्यात आता कूलरच्या टिनपट्ट्या.
"बापूजी, हा फोटो मोठा करा बरं."
त्यांनी उजवा हात पुढे केला.
तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंतच. बाकीची
पॉवरलूमवर राहिली, सत्त्याऐंशी साली.

माझ्या आराखड्यांत हात असतो गुळगुळीत,
राखाडी, कुणाचाच नसलेला.
"चिमूट उघडायची," मी म्हटलं,
तर ते अंगठा अन् मधलं बोट घेऊन
तंबाखू मळावी तसे काचेवर फिरवू लागले.
घामाचा एक थेंब पडला,
फोनला तोही बोटच वाटला.

मग म्हणाले,
"बिलात दोनदा ठोकलं का मोठं होते.
म्हणून तिथंबी ठोकलं.
माया भावाचा फोटो होता जी, तेरवीचा.
हनुवटीवर तीळ होता त्याच्या, तो पाहाचा होता.
तर तोंडावरच लाल बदाम उगवला.
साऱ्या समाजाले दिसला, माया नावानिशी.
वहिनी अजून बोलत नाही."

मी वहीत लिहिलं: दोन टॅप, विसंगती.
मग विसंगती खोडलं.
दुसरा शब्द सुचेना, तसंच ठेवलं.

त्यांनी खिळ्यावरची पिशवी काढली,
पिशवीतून पितळेचं घडीचं भिंग,
इंचात किती धागे ते मोजायचं.
"हे इतवारीत नेलं, उमरेडले नेलं, पवनीले नेलं.
ठेवलं का मोठं. उचललं का होतं तेवढं.
पन्नास वर्सं.
एकडाव बदाम नाही आला."

पुढचे नऊ दिवस ऑफिसात भांडणं.
दोनदा टेकवणं म्हणजे मोठं करणं, तिन्हीकडे.
बदामाला वेगळं बटण, अन् शोकाच्या फोटोवर तेही नाही.
अधिक-उणे खाली, अंगठा पोचेल तिथे,
डावऱ्याला डावीकडे.
"एवढी मोठी बटणं?" रजत.
"एवढी."
"कुरूप दिसतायत."
"दिसू दे."
कमाल किती, हे ठरेना. शेवटी चारपट लिहिलं,
कारण जेवणाची वेळ झाली होती.

परत गेले तेव्हा कूलर चालू होता.
बापूजींनी अधिक दाबलं. भावाचा चेहरा जवळ आला.
परत दाबलं. हनुवटी.
परत. तीळ आला असेल, मला ओळखू येईना,
नुसते चौकोन, तपकिरी, करडे, एक काळपट.
मी म्हणाले, फोटोच लहान आहे, याच्यापुढे फाटतो.

"फाटते कुठं? हा तर आलेख आहे,"
ते म्हणाले. अर्ध्या तर्जनीनं
काचेला न टेकता, वरूनच,
काठाची नक्षी उतरवताना मोजावीत
तशी घरं मोजू लागले.
एक उभं, दोन आडवी, एक सोडून.
ओठ हलत होते.

अधिकचं बटण मंद झालं होतं, चारपट संपली म्हणून.
त्यांनी ते तरी एकदा दाबलं.
मग माझ्याकडे पाहिलं.

पान नऊ उघडलं रात्री.
चार खोडलं.